जाळलेला राब

शेजारच्या बागेत माळी वाळका पाला पेटवू लागला, की मी मुकाट्याने खिडकी लावून घेतो. कॉलेजात असताना मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तीस विद्यार्थी श्रमदानासाठी मुळशीकडच्या एका गावी गेलो होतो. कोऱ्या कुदळी, कडक इस्त्रीचे सदरे आणि गावकऱ्यांना स्वच्छता शिकवण्याची घाई, एवढेच आमचे भांडवल. एका खाचराच्या बांधावर पाला, काटक्या आणि वाळल्या शेणाचा पुरुषभर उंचीचा ढीग दिसला. हा उकिरडाच, असे मी ठरवले आणि काडी लावली. ढीग भडकला, टाळ्या पडल्या, प्राध्यापकांनी फोटो काढला. तेवढ्यात डोक्यावर पाल्याचा भारा घेऊन एक बाई आली. भारा टाकून ती जाळाकडे बघत राहिली. "राब व्हता त्यो," ती म्हणाली, "दोन म्हैनं डोंगरातनं वाहून आणलाय. पाऊस तोंडावर हाय, आता रोपाची जागा भाजू कशानं?" भाताचे बी टाकण्याआधी रोपाच्या जागेवर असा पाला-शेण पसरून ती जमीन भाजतात, हे ग्रामोद्धारावर निबंध लिहिणाऱ्या आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हते. तरी मी तिला उकिरड्यावरच्या माश्यांविषयी समजावू लागलो. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "दादा, तुमची सुट्टी कवा संपतीया?" "अजून चार दिवस आहोत," मी हसून म्हणालो. समारोपाच्या भाषणात तिचा हा प्रश्न मी गावाच्या मायेचा पुरावा म्हणून सांगितला. टाळ्या तेव्हाही पडल्या. पुढे नोकरीत मला पुष्कळ सुट्ट्या मिळाल्या. तिच्या खाचरात त्या वर्षी भात लागला का, हे विचारायला मी एकाही सुट्टीत गेलो नाही.