जानरावांचा तांबडा विळा

शेलूबाजारच्या पलीकडे नाल्याकाठी जानरावांची संत्र्याची बाग आहे. साठी उलटली, तरी प्रत्येक काम ते क्रमाने व मोजून करीत, आणि झाल्यावर ते तसेच काहून करायचे, हेही विचारीत. या दुसऱ्या सवयीला घरात कोणी दाद देत नसे.

यंदा खोडांतून डिंक गळू लागला, म्हणून त्यांनी बुरशी मारणाऱ्या बोर्डो मिश्रणाची फवारणी ठरवली. एका ड्रममध्ये निळे मोरचूद विरघळवले, दुसऱ्यात चुना भिजवला आणि दोन्ही तिसऱ्यात ओतले. हे मिश्रण त्याच दिवशी वापरावे लागते. चुना कमी पडून मोरचूद मोकळे राहिले तर पाने करपतात. म्हणून लोखंडी विळा क्षणभर बुडवून पाहायचा. पाते तांबडे झाले, तर आणखी चुना घालायचा.

पाते तांबडे झाले. जानरावांनी डबाभर चुन्याची निवळी घातली. पुन्हा विळा बुडवला, तांबडाच. दुसरा डबा घातला; तरी तांबडाच.

“चुनाच लावाचा होता तं घराच्या भितीले लावाचा होता,” त्यांच्या पत्नी तुळसाबाई बांधावरून म्हणाल्या.

जानरावांनी तिसरा डबा भरला, पण तो हातातच धरून ठेवला. चुना जास्त झाला तर औषधाचा जोर जाईल, कमी पडला तर बाग करपेल. आणि नवे मिश्रण करायला घरात मोरचूद उरले नव्हते.

भाकरी घेऊन आलेल्या सुनेने, वैभवीने, विळा हातात घेतला. ती रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाली होती.

“मामाजी, दर वेळी पातं घासलं होतं का?”

घासले नव्हते. धुतले मात्र तीनदा होते.

“मंग हे पहिल्याच बुडवणीचं तांबं हाय. धुतल्यानं जात नाही ते.”

जानरावांनी डबा खाली ठेवला. “पाणी तं निळं होतं. तांबं आलं कुठून?”

मोरचुदाच्या पाण्यात तांबे असतेच, पण धातूच्या रूपात नसते, असे तिने सांगितले. त्याच्या प्रत्येक अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. अशा भारित अणूला आयन म्हणतात. विळ्याचे लोखंड आपले इलेक्ट्रॉन त्याला देऊन टाकते. ते मिळताच तांब्याचा आयन पुन्हा धातू होऊन पात्यावर बसतो. चुना पाण्यातले मोकळे आयन अडकवतो. पण पात्यावर बसलेला धातू चुन्याने सुटत नाही.

जानरावांनी पाते दगडावर पांढरे होईपर्यंत घासले आणि बुडवले. मनात पाच अंक मोजून वर काढले. पाते पांढरेच होते.

मिश्रण दुहेरी फडक्यातून गाळून त्यांनी पंपात भरले. पट्टा खांद्यावर घेताना मात्र ते थांबले.

“इलेक्ट्रॉन देणाऱ्या लोखंडाचं काय होते मंग?”

“तेच आयन होऊन पाण्यात जाते, मामाजी.”

पंधरा वर्षांच्या त्या विळ्याच्या झिजलेल्या धारेवरून त्यांनी अंगठा फिरवला, विळा जपून फांदीला अडकवला आणि पहिल्या ओळीच्या पहिल्या झाडापासून फवारणी सुरू केली.