लांब केसवाले आणि माझं क्लॅरिनेट

माझी शाळा तिसरीपर्यंत. त्यामुळं मी लिहितो ते बोलल्यासारखं होतं, त्याला इलाज नाही. पण बँडमधलं मला कुणी शिकवायला येऊ नये. ढोकीच्या आसपासच्या गावांत चाळीस वर्षं मी लग्नांत क्लॅरिनेट वाजवलं. लाल कोट, त्याला पिवळी झालर, डोक्यावर टोपी. नवरदेव मारुतीच्या देवळातून निघाला की पुढं मी आणि मागं अख्खं गाव. नंतर डीजे आला आणि कोट ट्रंकेत गेला. त्याचंही मला फार लागलं नाही. डीजे म्हणजे यंत्र, यंत्राचा काय हेवा करायचा? हेवा मला वाटला तो म्हातारपणी, आणि कुणाचा, तर अमेरिकेतल्या पाच-सहा लांब केसवाल्यांचा. त्यातले निम्मे तर मरूनसुद्धा गेलेत.

त्याचं असं झालं. बायकोच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन उमरग्याला केलं. डॉक्टरनं सांगितलं, चुलीपुढं बसायचं नाही, टीव्ही बघायचा नाही, काळा चष्मा लावून आराम करायचा. आराम हा प्रकार तिला ठाऊक नाही. नात पुण्याला कंपनीत आहे, ती चार दिवस रजा काढून आली होती. जाताना तिनं आजीच्या उशाशी नारळाएवढा स्पीकर ठेवला, आपला जुना मोबाइल त्याला जोडून दिला आणि कुठलं बटण दाबायचं ते बोट धरून शिकवलं. आजीसाठी अभंग भरले होते. पण अभंग संपले की त्यांच्या मागं नातीची स्वतःची गाणी लागायची.

पहिल्यांदा ती लागली तेव्हा मी अंगणात तुरी पाखडत होतो. आतनं गिटारीचा आवाज आला आणि एक माणूस इंग्रजीत, नाकातनं, दमल्यासारखा गायला लागला. म्हटलं, आता ही बंद करणार. सूप तसंच हातात धरून थांबलो. तिनं बंद केलं नाही. खिडकीतनं बघितलं तर बाई चष्मा लावून भिंतीला टेकलेली आणि खाटेच्या लाकडावर बोटानं ठेका चाललेला. ठेका बरोबर होता, हे मला जास्त झोंबलं.

मी नातीला फोन लावला. "काय भरून ठेवलंय गं हे?"

"आबा, तो बँड आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडचा. पन्नास वर्षं झाली, अजून लोक ऐकतात."

"बँडमध्ये गिटार कशाला?"

"त्यांचा बँड तसाच असतो. लांब केसवाले, खेड्यातले लोक होते ते. तिकडं ऊन, धूळ, शेतं. शहरातली माणसं त्यांच्या बोलण्याला हसायची. इथं माझ्या 'लई'ला हसतात ना, तसंच."

हे ऐकून तर जास्तच जळलो. सायबांची पोरं असती तर सोडून दिलं असतं. पण धुळीतले, आपल्यासारखेच, आणि त्यांचं गाणं समुद्र ओलांडून माझ्याच घरात, माझ्याच बायकोच्या उशाशी.

रोज दुपारी जेवण झालं की चालू. तिला त्यातला एक शब्द कळत नव्हता, पण बाकी सगळं कळायला लागलं. शेजारीण बसायला आली की तिला समजावून सांगायची, "आता ऐक. एक जण म्होरं निघतो. मग दुसरा त्याला गाठतो. गाठला का? आता तिसरा येतो बघ, वर चढायला." आणि तिसरा खरंच चढायचा. गाणं संपलं असं वाटायचं आणि तिन्ही गिटारी मिळून दहा-दहा मिनिटं सुटायच्या.

खोटं कशाला लिहू, ते चांगलं होतं. चांगलं होतं म्हणूनच मला बसवत नव्हतं. असंच आम्हीही वाजवलं होतं. दोन क्लॅरिनेट आणि एक कॉर्नेट, म्हणजे पितळी बिगूल. वरात चौकात अडली, पोरं नाचायची थांबेनात, की मी निघायचो, जोडीदार गाठायचा, कॉर्नेटवाला वर चढायचा. तेवढ्यात तेरखेड्याचे फटाके फुटायचे आणि सगळं धुरात जायचं. आमचं कुणी टेप केलं नाही. त्यांचं झालं, म्हणून ते मेल्यावरही वाजतात आणि मी जिता असून सूप हातात घेऊन उभा.

एक दिवस मी स्पीकरची वायर ट्रंकेत टाकली. दुपारी स्पीकर मुका झाला.

"अवो, हे बंद का पडलं?"

"लाईट गेलीय."

तिनं तोंड वर केलं. मग म्हणाली, "मग डोस्क्यावर पंखा कशानं फिरतोय?"

मी वर पंख्याकडं बघितलं.

"वायर काढा ट्रंकेतनं. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, कानाचं न्हाय. ट्रंकेचं झाकण वाजलं तवाच कळलं."

मग माझं सुटलं. म्हटलं, "चाळीस वर्षं वाजवलं मी. पंचक्रोशीनं वाहवा केली. तू एकदा तरी म्हणालीस का, चांगलं वाजवता म्हणून? आणि ह्या झिपऱ्यांचं रोज कौतुक."

तिनं चष्म्याची काच माझ्याकडं वळवली. "ऐकवलं कधी?"

"म्हणजे?"

"लगीन होऊन आले त्या साली म्या म्हटलं होतं, मला एकदा वाजवून दाखवा. तुमी काय म्हणाला? सुपारी घेतल्याबिगर क्लॅरिनेटचा डबा उघडत न्हाय."

मला आठवत नव्हतं. पण मी ते म्हणालो असणार. आमच्या उस्तादांची शिकवणच तशी. ज्याच्या घरी कार्य त्यानं पान-सुपारी पुढं ठेवायची, मग क्लॅरिनेट ओठाला लावायचं. फुकट वाजवलं की बरकत जाते. सराव आम्ही उस्तादांच्या शेडमध्ये करायचो. घरात मी कधी डबा उघडला नाही आणि त्याची मला ऐट होती. पाहुण्यांना सांगायचो.

"तुझ्या भावाच्या लग्नात तर मीच होतो," मी म्हटलं.

"व्हता की. बाया चुलीकडं, तुमी रस्त्यावर. भिंतीआडनं सगळ्यांचा एकच कालवा. त्यातला तुमचा आवाज कोणता ते कोण सांगणार? ह्यांचं निदान कळतंय, कोण निघाला आन कोण चढला."

मी उठलो. वायर काढून दिली आणि बाहेर जाऊन बसलो. कारखान्याकडं उसाचे ट्रॅक्टर चालले होते, प्रत्येकावर मोठ्यानं गाणं. सगळ्या जगाला कुणीतरी वाजवून दाखवत होतं.

थोड्या वेळानं आतनं हाक आली. गेलो तर स्पीकर बंदच होता. तिनं कमरेची चंची सोडली होती. हातानं चाचपून एक अख्खी सुपारी काढली, खाटेच्या कडेला ठेवली आणि म्हणाली, "घ्या. आता तरी उघडता का डबा?"

सुपारी आल्यावर नाही म्हणणं आमच्या धंद्यात बसत नाही. मी डबा काढला. कोटाच्या खाली होता. सांध्याच्या बुचाला बुरशी आली होती. फुंकायची वेताची पत्ती एका कडेला चिरलेली, ती तोंडात भिजवली. वरचे दोन दात गेलेत, त्यामुळं धरायला पकड नाही. पहिला सूर बदकासारखा निघाला. ती हसली नाही. नवरदेव निघतानाची चाल धरली, चार ओळींत दम संपला, थांबलो, पुन्हा धरली. ती चष्मा लावून माझ्याकडं तोंड करून बसली होती. बोट मात्र हलत नव्हतं. मी वाजवत होतो ते सूर ऐकत नव्हतो, तिच्या बोटाकडंच बघत होतो.

शेवटच्या फेरीला ते हललं. दोनदाच.

"चांगलं हाय," ती म्हणाली. आणि लगेच, "पर त्यांचा तिसरा चढतो तसं कुठं चढलात?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम डब्याकडं बघितलं नाही. तुरी घेऊन बसलो. पाखडून झालेल्याच होत्या.

"अवो, डबा काढा."

"सुपारी काल दिली, काल वाजलं. एका सुपारीत एकच दिवस असतो. आज लाव तुझ्या झिपऱ्यांना."

"असं का? एका अक्षतेवर म्या पन्नास वर्षं भाकरी थापली. तवा न्हाय मोजले दिवस."

आत तिनं बटण दाबलं आणि गिटार सुरू झाली. पहिला निघाला. दुसऱ्यानं त्याला गाठलं. तिसरा चढायच्या आत मी सूप खाली ठेवलं, डबा उघडला आणि पत्ती तोंडात घातली.