मुकादमाची जागा

रूली बोल्हाउसच्या बैठकीच्या खोलीत एक मासा होता, आणि त्या माशाने बोल्हाउसांचा पहिला नंबर वर्षानुवर्षं अडवून धरला होता.

मासा तिच्या नवऱ्याचा, हार्मचा. तळहाताहून लांब, नारिंगी, अंगावर तीन काळे पट्टे. त्यातला मधला पट्टा एका बाजूला तुटलेला. हार्म वेंडाम गावच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथला मुकादम स्वतः काडी न हलवता दिवसभर सगळ्यांच्या कामात नाक खुपसत फिरायचा. हा मासाही टाकीच्या तळाशी तसाच फिरायचा, म्हणून त्याचं नाव मुकादम पडलं. संध्याकाळी खाणं पडलं की तो पाण्यात टक-टक आवाज करायचा आणि तो खुर्चीपर्यंत ऐकू यायचा. त्या जातीची ती सवयच आहे. हार्म वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचा, "मुकादमाचा भोंगा झाला. कॉफी ठेव." मग रूली कॉफी ठेवायची.

खरं तर हार्मने असे पाच मासे आणले होते. बाकीचे एकेक करून मेले आणि हा एकटा उरला. त्याची जात घोळक्याने राहणारी. मोठी टाकी आली की त्याला सोबत आणू, असं हार्म दर वर्षी म्हणायचा, आणि मोठी टाकी काही येत नव्हती.

गावातलं मासे पाळणाऱ्यांचं मंडळ दर वर्षी टाक्यांची स्पर्धा घेतं. पद्धत अशी, की शरद सरत आला की परीक्षक घरोघरी येतो. खुर्ची ओढून टाकीसमोर बसतो, तोंडातून अवाक्षर काढत नाही. झाडांना गुण, पाण्याला गुण, माशांना गुण. निकाल मात्र हिवाळ्यात सभागृहात सगळ्यांसमोर वाचायचा, शेऱ्यासकट. म्हणजे कुणाच्या घरचं काय चुकलं ते अख्ख्या गावाला कळतं. हार्मची झाडं डोळ्यांचं पारणं फेडायची. तांबड्या-हिरव्या रोपांच्या रांगा अशा चढत जायच्या, की बघणारा टाकीऐवजी बागेत शिरायचा. आणि दर वर्षी शेरा तोच: घोळक्यातला मासा एकटा ठेवला आहे, शिवाय तो मुळं उकरतो. गुण वजा. हार्म सभागृहात खो-खो हसायचा, आता मुकादमाला कामावरून काढू का, म्हणायचा. घरी आल्यावर मात्र कोटही न काढता बराच वेळ टाकीसमोर बसून राहायचा. त्याला पहिला नंबर हवा होता. हे फक्त रूलीला ठाऊक होतं.

मार्चमध्ये हार्म गेला. छातीत कळ आली आणि सगळं संपलं. मे महिन्यात काचवाला दारात उभा: हार्मने सांगून ठेवलेली मोठी टाकी तयार होती. मेलेल्या माणसाची टाकी कुठे ठेवायची, हे त्या बिचाऱ्याला कळेना. रूलीने दार पूर्ण उघडलं आणि आत आणायला सांगितलं. त्याच दिवशी तिने मनाशी ठरवलं, की या वर्षी बोल्हाउसांना पहिला नंबर मिळाला पाहिजे.

मदतीला हार्मचा दोस्त फ्रेर्क आला. पूर्वी त्याची डुकरं होती. आता त्या गोठ्यात टाक्या आहेत. दोघांनी दलदलीतल्या पीट मातीतून पाणी गाळून, क्षार कमी करून मऊ केलं, रोपं लावली, आणि पाणी माशांना मानवेल इतकं मुरेपर्यंत कित्येक आठवडे नुसतं हिरवं बघत बसले. जुन्या टाकीत, खिडकीखाली, मुकादम आपला फेऱ्या मारत होता. ती टाकी आता एका कोपऱ्यातून झिरपत होती आणि खाली फडकं ठेवावं लागत होतं.

मग मासे निवडायची वेळ आली. रूलीला एंजल मासे हवे होते, शिडासारखे पंख असलेले. फ्रेर्क नको म्हणाला. लहान असतात तोवर गुणी दिसतात, मोठे झाले की शेजारचे निऑनसारखे चिमुकले मासे गिळतात. मग तिने पट्टेवाले बार्ब सुचवले.

"ते दुसऱ्याच्या शेपट्या कुरतडतात," फ्रेर्क म्हणाला. "आमच्या धाकट्या वहिनीसारखे. एका घरात नको."

रूली त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा हसली. शेवटी जमलं ते असं: पाण्याच्या अगदी वरच्या थराला चपटे रुपेरी मासे, मध्ये निऑनचा मोठा थवा, झाडांच्या आडोशाला मधाच्या रंगाच्या गुरामी माशांची एक जोडी, आणि तळाला छोटे मिशीवाले. सगळ्यांना मऊ पाणी चालणारं, सगळे गरीब स्वभावाचे, आणि कुणाचा पाय कुणाच्या अंगणात नाही.

"आणि मुकादम?" तिने विचारलं.

फ्रेर्कने कपातली कॉफी उगाचच ढवळली. "मुकादम यात बसत नाही, रूली. मिशीवाल्यांच्या तोंडचं खाणं पळवील, तुझी रोपं उपटील. आणि गुण पुन्हा त्याच्याच नावाने जातील."

"सोबत आणली तर?"

"पाच-सहा धटिंगण या झाडांत? मग बागच राहायची नाही. माझ्याकडे त्याच्या जातीचे आहेत, मोठ्या टाकीत. तिथे ठेव."

"निकाल लागेपर्यंतच," ती म्हणाली. "नंतर माझा मला परत पाहिजे."

"तुझाच आहे."

मुकादमाच्या जातीला डोळ्यांखाली काटे असतात, ते जाळ्यात अडकतात. म्हणून रूलीने वाटाण्याच्या सुपाचं मोठं पातेलं पाण्यात बुडवून त्याला धरलं. पातेल्यात तो आडवा पडून राहिला. एकदा टक केलं. फ्रेर्क त्याला घेऊन गेला, झिरपती टाकी रिकामी झाली, आणि फडकं वाळलं.

परीक्षक ओनेस धुक्याच्या दिवशी आला. एक बिस्किट घेतलं, दुसरं नको म्हणाला, आणि टाकीसमोर बसला. उठताना त्याने विचारलं, "तो म्हातारा मासा गेला का?"

"गेला," रूली म्हणाली.

"हार्मला मी किती वर्षं सांगत होतो," ओनेस म्हणाला आणि टोपी घातली. रूलीला त्याच्यासाठी दार उघडायचंही सुचलं नाही. नंबरासाठी मुकादमाला घालवायचं हार्मने कधीच केलं नाही, ते आपण त्याच्या नावाखाली केलं, हे तिला तिथे उभ्या-उभ्या कळलं, आणि तिची तिलाच लाज वाटली.

पहिला नंबर बोल्हाउसांचा आला. ओनेसने शेरा वाचला: या टाकीत एकही मासा दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, कुणी कुणी डोळे पुसले. रूलीने पितळी पाटी पिशवीत टाकली आणि फ्रेर्कला म्हणाली, उद्या येते, माझा मासा काढून ठेव.

दुसऱ्या दिवशी ती सायकलच्या मागे तेच पातेलं बांधून गेली. फ्रेर्कने मासा काढून ठेवला नव्हता. तो तिला गोठ्यात घेऊन गेला. टाकीत एक जुना मातीचा पाइप आडवा टाकलेला होता, आणि त्यात मुकादमाच्या जातीचे सगळे एकमेकांच्या अंगावर दाटीवाटीने पडले होते. तुटका पट्टा सगळ्यांच्या मध्ये होता. फ्रेर्कने खाणं टाकलं तसे सगळे बाहेर आले, आणि गोठा आवाजाने भरून गेला. एक टक करी, दुसरा उत्तर देई, तिसरा मध्येच तोंड घाली. मुकादमाचा आवाज रूलीने लगेच ओळखला. सोबतचे मेल्यापासून घरी त्याला असं कुणी उत्तर दिलं नव्हतं. तिथे तो वर्षानुवर्षं हाका मारत होता, आणि ती दोघं नवरा-बायको त्यावर कॉफी ठेवत होती.

"काढू का?" फ्रेर्कने विचारलं.

रूलीने पातेलं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. "राहू दे," ती म्हणाली. "आपल्या माणसांत आहे."

ती धुक्यातून सायकल हातात धरून चालत घरी आली. पाटी टाकीवरच्या खिळ्याला लावली. "हार्म, पहिला आला," असं मोठ्याने म्हणून बघितलं, आणि मग खुर्चीत बसून पोटभर रडली. संध्याकाळ झाली तेव्हा तिने उठून खाणं टाकलं. मासे आपापल्या थरात आले, कुणी कुणाला धक्का लावला नाही, मुकाट्याने खाऊन पांगले. कॉफीची वेळ झाली होती, पण ते सांगायला घरात कुणी उरलं नव्हतं.