अष्टमीचं नेपल्स

आयुष्यात मी एकदाच नेपल्सला गेले आणि येताना गाढवावर बसून आले.

नेपल्स इटलीत आहे, हे मला ठाऊक आहे. मराठी चौथीपर्यंत शिकले आहे मी! पण आमचं नेपल्स ठाण्याच्या खाडीत होतं, आणि ते तिथे आणून ठेवलं होतं माझ्या दिरांनी.

माझे दीर बापू इटलीला जाणाऱ्या एका बोटीवर नोकरीला होते. गावात सगळ्यांना वाटायचं की बोट तेच चालवतात. खरं म्हणजे ते बोटीवरच्या लाँड्रीत चादरी धुवायचे. बोटीला पाणी लागतं, यापलीकडे समुद्राविषयी त्यांना काही माहीत नव्हतं, आणि पुढे कळलं की तेवढंही त्यांच्या लक्षात राहत नसे.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मे महिन्यात बापू रजेवर आले आणि येताना नेपल्सचं एक रंगीत कार्ड घेऊन आले. निळा समुद्र, पांढऱ्या होड्या आणि मागे डोक्यातून धूर काढणारा डोंगर. माझी तीन मुलं त्या कार्डाला मुंग्यांसारखी चिकटली. थोरली कुसुम अकरा वर्षांची, मधला दिगू नऊचा आणि धाकटा बाळ्या पाचाचा.

"तिथली मुलं सुट्टीत काय करतात, काका?"

"सुट्टी? अरे, तिथे आईबापच मुलांना घेऊन समुद्रावर जातात! होडीत बसवतात. समुद्रात डुंबायचं, वाळूचा किल्ला बांधायचा, बर्फ खायचा, आणि शेवटी गाढवावरून फेरी!"

"गाढवावरून?" मी कणीक मळता मळता ओरडले. "आपल्याकडे गाढवावरून कुणाची फेरी काढतात ठाऊक आहे ना भावजी? तोंडाला काळं फासून?"

"वहिनी, तुमचे विचार फार जुने," बापू म्हणाले. कुसुमने तोवर पाटीवर यादीसुद्धा केली होती. होडी, आंघोळ, किल्ला, बर्फ, गाढव.

आता आमच्या मुलांची सुट्टी कशी जायची ते सांगते. कल्याणला ह्यांची आत्या राहायची. दर मे महिन्यात ती मुलांना घेऊन जायची. पहाटे पाचला आंघोळ, मग पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी. पाऊणकी म्हणजे पाऊणाचा पाढा. तो चुकला तर आंबा नाही! आणि दर रविवारी प्रत्येकाला चमचाभर एरंडेल. मुलं जूनमध्ये परत यायची ती हुशार होऊन यायची, पण हसायची नाहीत.

त्या वर्षी मुलांनी बंड केलं. "आम्ही कल्याणला जाणार नाही! आम्हाला नेपल्स पाहिजे!"

हे म्हणाले, "आत्याला नाही म्हणायचं कुणी? तू?"

मी आत्याबाईंना कधी नाही म्हटलं नव्हतं. पण बाळ्याने माझ्या पदरात तोंड खुपसलं आणि माझी जीभ सुटली. "मुलांना सुट्टी द्यायला कल्याण कशाला पाहिजे? मी इथेच दाखवते त्यांना नेपल्स!"

ह्यांनी चष्मा काढून पुसला. कज्जा ऐकायला बसल्यासारखे हे बसले. "ठीक. एक दिवस करून दाखव. आत्याला त्याच संध्याकाळी बोलावतो. कुणी रडता कामा नये, कुणाला लागता कामा नये आणि सगळी धड घरी आली पाहिजेत. आत्याचं समाधान झालं तर मुलं इथे राहतील. नाही झालं तर त्याच गाडीने कल्याणला! दिवस तू ठरव."

दिवस मी ठरवायचा! इथेच घोटाळा झाला.

आमच्याकडे चेंदणी कोळीवाड्यातली चांगुणा मासे घेऊन यायची. तिच्या नवऱ्याची, धर्माची, होडी होती. मी पंचांग घेऊन ओट्यावर बसले आणि तिला म्हटलं, "येत्या अष्टमीला ने आम्हाला. सकाळी नऊला निघू."

चांगुणाने टोपली खाली ठेवली. "आठमीला? बाय गो, आठमीला नको येव. भांगाचं पानी, दुपारच्या आत सरून जातं. अवसेला ये. दुपारपर्यंत पानीच पानी!"

"अवसेला? मुलांना घेऊन? अवसेला मी मुलांना गच्चीवरसुद्धा जाऊ देत नाही, आणि तू पाण्यावर न्यायला सांगतेस? अष्टमीला चांगला योग आहे. पंचांगात लिहिलंय!"

"पंचांगात लिवलंय खरा," ती म्हणाली, "पन खाडीला वाचता येत नाय ना."

मी त्या बाईला हसले. चौथी शिकलेली होते ना मी! कोळणीने मला तिथी शिकवायची म्हणजे काय!

अष्टमी उजाडली. मुलं रात्रभर झोपली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. दशम्या, कैरीचं लोणचं, पाण्याची कळशी, कोकमाचं सरबत आणि बापूंनी पोत्यात, लाकडाच्या भुशात गुंडाळून आणलेली बर्फाची लादी. गाढवाचंही जमलं होतं. खाडीकाठची माती न्यायला येणाऱ्या कुंभाराला बापूंनी सांगून ठेवलं होतं, दुपारी बाराला गाढव घेऊन काठावर उभा राहा म्हणून.

होडी निघाली. वारा सुटला होता. मुलं किंचाळत होती. बापूंनी टोपी तिरकी घातली, डोळ्यांवर हात धरला आणि लांब बघून म्हणाले, "हुबेहूब नेपल्स!"

"डोंगर कुठाय?" दिगूने विचारलं.

"तो काय, पारसिकचा."

"त्यातून धूर नाही येत."

"धूर मी काढतो," म्हणून बापूंनी विडी पेटवली. मीसुद्धा खूष होऊन टाळ्या वाजवल्या! (होडीत टाळ्या वाजवणारी बाई बघून पलीकडच्या होडीतल्या माणसाने मान फिरवली.) तासभर असा गेला, की मला वाटलं, इटलीतल्या बायकांना सुखी म्हणायचं कारण नाही.

मग होडी थांबली.

"का हो धर्मा, थांबवलीत का?"

"मी नाय थांबवली, वैनी. बसली."

"बसली म्हणजे?"

"पानी गेला ना. आठमी हाय."

मी खाली वाकून बघितलं. मघाशी जिथे पाणी होतं तिथे काळाकुळकुळीत चिखल चमकत होता आणि त्यातून खेकडे आमच्याकडे बघत होते. चारी बाजूंना चिखल, पलीकडे तिवराची झाडं आणि काठ इतका लांब, की तिथे चरणारी म्हैस मला उंदराएवढी दिसली.

"पाणी परत कधी येणार?"

"येल तीन-चारच्या सुमाराला," धर्मा म्हणाला आणि तोंडावर मुंडासं टाकून आडवा झाला.

वाजले होते साडेदहा!

"भावजी, तुम्ही बोटीवरचे ना? काहीतरी करा!"

बापूंनी बराच विचार केला. "आमची बोट," ते म्हणाले, "अशी कधी बसली नाही."

ऊन चढायला लागलं. पोतं उघडलं तर त्यात ओला भुसा आणि सुपारीएवढा बर्फ. तो बाळ्याने तोंडात टाकला आणि यादीतली एक गोष्ट संपली! कुसुमचा चेहरा पडला. बाळ्याचा ओठ थरथरायला लागला. मला डोळ्यांसमोर आत्याबाईंचा एरंडेलाचा चमचा दिसला.

"रडायचं नाही हां, बाळ्या! कुणी रडता कामा नये!"

तेवढ्यात 'धप्' असा आवाज आला. दिगूने उडी मारली होती. चिखलात तो मांडीपर्यंत गेला, दोन्ही हात वर केले आणि ओरडला, "आई! गरम आहे गं! मस्त आहे!"

"वर ये, मेल्या!"

तो कसला येतो! पाठोपाठ कुसुम गेली. अकरा वर्षांची घोडी, परकर खोचून! पाच मिनिटांत दोघंही डोक्यापासून पायापर्यंत काळी. आंघोळ झाली! मग चिखलाचा किल्ला सुरू झाला. वाळूचा किल्ला ढासळतो, पण खाडीच्या चिखलाचा किल्ला शिवाजीमहाराजांनी बघितला असता तर शाबासकी दिली असती. बापू होडीत बसून "इकडे बुरूज, तिकडे दरवाजा" असे हुकूम सोडत होते. मुलं इतकी हसत होती, की मीही निर्धास्त होऊन दशमी खायला घेतली.

आणि बघते तर बाळ्या होडीत नाही!

तो एका खेकड्याच्या मागे लांब चालला होता. इवलासा जीव, चिखलावरून बगळ्यासारखा टुणटुण चाललेला. "खेकडा चावेल रे!" म्हणून मी हातातली दशमी टाकली, लुगडं वर खोचलं आणि उडी मारली.

बाळ्याचं वजन एका मांजराएवढं होतं. माझं नव्हतं.

मी कमरेपर्यंत गेले. एक पाय उपसावा तर दुसरा आणखी खाली जाई. माझी किंकाळी ऐकून बाळ्या आपणहून परत आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि आनंदाने म्हणाला, "आई, तू पण किल्ला?"

"दिगू! कुसुम! ओढा मला!"

तिघांनी माझा हात, पदर, अंबाडा, जे सापडेल ते धरलं. "एक, दोन, तीन!" पाय सुटले नाहीत, तोल सुटला! तोंडावर आपटले. डोळ्यांत, नाकात, कानात चिखल. एक वहाण खाडीने ठेवून घेतली ती आजतागायत परत केली नाही. शेवटी धर्मा उठला, त्याने दोन फळ्या टाकल्या आणि मला भिजलेल्या गोणीसारखं होडीत ओढलं. पाऊल मुरगळलं होतं.

"वैनी," तो म्हणाला, "चांगुनानं सांगितला नव्हता का?"

माझ्या तोंडात चिखल होता.

साडेतीनला पाणी आलं. काठावर पोचेपर्यंत साडेचार. कुंभार बारापासून उभा होता आणि बिचारं गाढव उभ्याउभ्या झोपलं होतं. मला पाऊल टेकवता येईना.

"आता वहिनी घरी जाणार कशा?" बापू म्हणाले, आणि मग सगळे गाढवाकडे बघायला लागले.

"नाही!" मी म्हटलं. "प्राण गेला तरी नाही!"

प्राण गेला नाही आणि मी बसले. दुसरा उपायच नव्हता. पुढे कुंभार दोरी धरून, मागे चिखलाने माखलेली तीन मुलं आनंदाने नाचत, आणि दिगूने दशम्यांचा रिकामा डबा घेऊन तो काठीने बडवायला सुरुवात केली. ढण्, ढण्, ढण्!

"बडवू नको रे!"

"नेपल्सची फेरी, आई!"

आमच्या आळीत शिरलो तेव्हा सगळ्या खिडक्या उघडल्या. तोंडाला काळं, गाढवावर बसलेली, मागे डबा बडवणारी पोरं. शेजारच्या माई ओट्यावरून खालीच आल्या. "अगं बाई! हिने केलं तरी काय? सकाळी तर चांगली होती!"

आणि दारात आत्याबाई उभ्या होत्या. हातात पिशवी, बाजूला हे.

गाढव नेमकं त्यांच्यासमोर थांबलं. मला उतरताही येईना. मी पदर शोधला आणि डोक्यावर घेतला. पदराचा चिखल डोक्यावर आला.

"नमस्कार करते, आत्याबाई," मी वरूनच म्हटलं.

आत्याबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग मुलांकडे वळल्या. "कुणी रडलं का रे?"

"नाही!" तिघं ओरडली.

"कुणाला लागलं?"

"आईला!"

"मजा आली?"

आणि मग जे सुरू झालं! तिघं एकदम बोलत होती, किल्ला, खेकडा, आई कशी रुतली, आई कशी पडली, आईचं फक्त डोकं कसं दिसत होतं. बाळ्याने तर अंगणात लोळून मी कशी आपटले ते करून दाखवलं. आणि आत्याबाई हसल्या! माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली होती, त्यांचे दात मी पहिल्यांदा बघितले. दोन नव्हते.

"आत्या, मग मुलांचं काय?" ह्यांनी भीत भीत विचारलं.

"मुलं चांगली आहेत. राहू देत इथे." मी गाढवावरच हात जोडणार, तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "हिला मी नेते कल्याणला. पाय बरा होईपर्यंत. अष्टमीला खाडीत होडी घातली म्हणे! हिला पाऊणकी येत नाही."

"पाऊणकीचा काय संबंध?"

"जितकी तिथी तितके पाऊण, तितक्या वाजता भरती. माझ्या सासऱ्यांचं मिठागर होतं, मला शाळेतल्या पोरासारखं पाठ करावं लागलं. म्हण, आठ पाऊण?"

मला आलं नाही. चौथीत पाऊणकीच्या दिवशी मी गोवर येऊन घरी होते.

"सहा!" तिन्ही मुलं एका सुरात ओरडली. (तीन उन्हाळे कल्याणला काढले होते ना! आणि मेली सकाळपासून गप्प होती!) म्हणजे सकाळी सहाला भरती, दुपारी बाराला खाडी कोरडी. चांगुणाला ते न शिकता ठाऊक होतं.

आठ दिवस मी कल्याणला होते. पायाला आंबेहळदीचा लेप, पहाटे पाचला आंघोळ, मग पाढा. आंबा मला चौथ्या दिवशी मिळाला.

इकडे अवसेला चांगुणाने मुलांना न्यायला होडी पाठवली आणि ह्यांनी बापूंबरोबर मुलांना नेलंसुद्धा. पंधरा पाऊण सव्वाअकरा. खाडी काठोकाठ भरलेली, होडी सरसर गेली, बर्फसुद्धा विरघळला नाही. कार्डावरच्यासारखं नेपल्स! मी परत आल्यावर मोठ्या हौसेने दिगूला विचारलं, "कसं होतं रे?"

"पाणी होतं," तो तोंड वाकडं करून म्हणाला, "पण बघण्यासारखं काही नव्हतं."

कसं असणार? बघण्यासारखं जे होतं, ते कल्याणला नाक दाबून एरंडेल पीत बसलं होतं.