चार कोयऱ्या आणि नव्वद अंश

आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत पाडव्याला फाटकासमोर रांगोळी काढायचा मान तळमजल्यावरच्या काकूंचा. तो त्यांना कुणी दिला, कधी दिला, ठराव झाला का, कुणालाच ठाऊक नाही. मी इथे राहायला आलो तेव्हाही त्या तिथे पाटावर बसलेल्याच होत्या. सकाळी स्वागतयात्रा समोरून जाते तेव्हा ढोलपथकातले दांडगे गडीसुद्धा त्या रांगोळीला अदबीने वळसा घालतात.

त्या वर्षी पाडवा आठवड्यावर आलेला असताना काकू बाल्कनी धुताना घसरल्या. उजव्या मनगटाचं हाड मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर.

सोसायटीची सभा भरली. पाण्याची टाकी झाली, पार्किंग झालं, पार्किंगवरून व्हायचं ते भांडणही झालं, आणि शेवटी अध्यक्षांनी रांगोळीचा विषय काढला. आमचे अध्यक्ष दुष्ट नाहीत, नीटनेटके आहेत. त्यांनी बाजारात रांगोळीचा तयार स्टिकर पाहून ठेवला होता. फरशीला चिकटवायचा, पाणी पडलं तरी ढिम्म हलत नाही, आणि जपून काढला तर पुढच्या वर्षीही चालतो.

‘पुढच्या वर्षीही’ म्हटल्यावर काकूंनी मान वर केली. पुन्हा खाली घातली आणि पदराच्या टोकाने प्लास्टर पुसत राहिल्या. पण सोसायटीत एकदा चिकटलेली वस्तू पुन्हा निघत नाही, हे तिथे सगळ्यांनाच माहीत होतं. ती जागा गेली म्हणजे गेलीच.

आता इथे माझा स्वभाव सांगायला हवा. चारचौघांत शांतता पसरली की मला वाटतं, ही विंगेतून आपल्यालाच खूण झाली. मी माजिवड्याच्या एका ऑफिसात संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो, म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्यांनी लिहिलेले दुरुस्त करतो. मी उठलो, चष्मा काढला आणि जाहीर केलं की काकूंनी डाव्या हाताने रांगोळीचा फक्त चतुर्थांश काढून द्यावा, उरलेले तीन भाग माझा संगणक काढेल. बायकोने मागून माझा सदरा ओढला. मला ती दाद वाटली.

अध्यक्षांनी तीन दिवसांची मुदत दिली. तिसऱ्या संध्याकाळी पूर्ण नक्षी कागदावर दिसली पाहिजे, नाहीतर स्टिकरची ऑर्डर.

काकूंनी दोन दुपारी घेतल्या. चौकटीच्या वहीतल्या एका पानावर, डाव्या हाताने, दात ओठांवर रोवून. पानाच्या एका कोपऱ्यात कमळाची एक पाकळी, तिच्यापासून निघालेली वेल, वेलीच्या टोकाला एक गुबगुबीत कोयरी. रेघ थोडी थरथरलेली होती, पण कोयरीचं ते मुरडलेलं टोक मी झोपेतही ओळखलं असतं. पान माझ्या हातात देताना त्या इतकंच म्हणाल्या, “सांडू नको हं.” कागद देताना सांडू नको म्हणणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

पानाचा फोटो काढला, चौरस कापला आणि मी मांडी ठोकून बसलो. असल्या कामात चित्र फिरवण्याच्या सूचना चारदा लिहायच्या नसतात. एकदाच लिहायच्या, त्यांना एक नाव द्यायचं आणि पुन्हा पुन्हा त्याच नावाने हाक मारायची. मी नाव दिलं ‘फिरव’. चित्र हातात द्यायचं, किती अंश ते सांगायचं, की वळवलेलं चित्र परत येतं. शून्य, नव्वद, एकशे ऐंशी, दोनशे सत्तर. चार हाका, चार तुकडे, ते चार कोपऱ्यांत चिकटवले की रांगोळी तयार. मी बायकोला बोलावलं, तिला खुर्चीवर बसवलं आणि ऐटीत बटण दाबलं.

पडद्यावर जे आलं ते पाहून ती खुर्चीतून पुढे वाकली. कमळाच्या दोन पाकळ्या मधोमध होत्या. उरलेल्या दोन बाहेरच्या कोपऱ्यांत, लग्नात मान मिळाला नाही म्हणून रुसलेल्या आत्यांसारख्या.

“हे फिरवलंयस की भिरकावलंयस?” तिने विचारलं आणि ती कुकर लावायला गेली.

तिसरा दिवस उजाडलेला. मुदत संध्याकाळची. चूक शोधत बसण्याऐवजी मी आळशी माणसाची पळवाट काढली. चित्र फिरवायचंच नाही, आरशात दिसावं तसं उलटायचं. एकदा आडवं उलटलं, एकदा उभं, एकदा दोन्हीकडून. चारी पाकळ्या मधोमध आल्या, कमळ फुललं. मी छापून घेतलं आणि संध्याकाळी काकूंच्या घरी गेलो.

अध्यक्ष आधीच येऊन बसले होते. त्यांनी कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि अगदी मोजून काढल्यासारखी आहे म्हणून मान डोलावली. स्टिकर रद्द. मी हात जोडून वाकणार, एवढ्यात काकूंनी कागद मागून घेतला. बराच वेळ पाहिला. मग गुडघ्यावर ठेवून हळूच माझ्याकडे सरकवला.

“छान आहे रे. पण ही माझी नाही.”

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी प्लास्टरमधून डोकावणाऱ्या बोटाने दाखवलं. वरच्या दोन कोयऱ्या नाकासमोर नाक आणून उभ्या होत्या, खालच्या दोन तशाच. त्यांच्या कोयऱ्या कधी समोरासमोर येत नाहीत, एकीमागून एक जातात, देवळात प्रदक्षिणा घालतात तशा. “या तर नळावर भांडायला आल्यात,” त्या म्हणाल्या.

अध्यक्षांना त्यात काही चुकलेलं दिसेना. त्यांचं म्हणणं, लोक चालता चालता बघतात, कोयरीचं नाक कोण तपासतं. चाललं असतं, खरंच चाललं असतं. गप्प राहिलो असतो तर स्टिकर हरला असता आणि माझी शान राहिली असती. फक्त त्या फाटकासमोर काकूंच्या नावाने माझी पळवाट पसरली असती. मी अध्यक्षांना सांगून टाकलं की मी लबाडी केली आहे, नक्षी फिरवलेली नाही, उलटली आहे. त्यांनी घड्याळ पाहिलं. “स्टिकरचं दुकान आठला बंद होतं, त्याआधी मी फोन करणार,” ते म्हणाले.

सव्वासात वाजले होते. मी तीन मजले धावत चढलो, या वयात. काकूंचं पान टेबलावर ठेवलं आणि संगणक सोडून ते पानच हाताने फिरवून पाहिलं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी तुकडे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मांडत होतो आणि संगणक नव्वद अंश म्हटलं की काट्यांच्या उलट फिरत होता. तो त्याच्या जागी बरोबर, मी माझ्या जागी बरोबर, पाकळ्या मात्र कोपऱ्यात. ‘फिरव’च्या आत, अंशांच्या आधी, मी एक उणे चिन्ह टाकलं. एकच. चारी हाका आपोआप सुधारल्या. कमळ मधोमध, आणि चार कोयऱ्या एकीमागून एक निघालेल्या, पदर खोचून.

आठला दहा कमी असताना कागद काकूंसमोर होता. त्यांनी बोट एका कोयरीवर ठेवलं, मग दुसरीवर, तिसरीवर, चौथीवर, पुन्हा पहिलीवर. मग अध्यक्षांकडे पाहून मान हलवली. अध्यक्षांनी फोन खिशात घातला.

इमारतींचे नकाशे छापतात त्या दुकानातून मी ती नक्षी फाटकाएवढी छापून आणली. बायकांनी रेघांवर टाचणीने भोकं पाडली, वरून रांगोळीची पुरचुंडी थोपटली आणि जमिनीवर उमटलेल्या ठिपक्यांवरून रेघा ओढल्या. काकू प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून रंग सांगत होत्या आणि चुकणाऱ्या सुनांना नावं ठेवत होत्या. शेवटच्या कोयरीचं टोक मात्र त्यांनी कुणाला काढू दिलं नाही. खाली वाकून, डाव्या चिमटीने, स्वतः मुरडलं.

पाडव्याच्या सकाळी स्वागतयात्रेतून नऊवारी नेसलेली एक बाई थांबली, वाकली, आणि ही एवढी रेखीव कुणी काढली म्हणून विचारू लागली. मी घसा खाकरला, एक पाऊल पुढे टाकलं.

“मी,” काकू खुर्चीतून म्हणाल्या. मग माझ्याकडे जरा पाहिलं, आणि मन मोठं करून पुढे जोडलं, “याने फिरवली.”