स्वखुशीचा रकाना

पोराचे ओठ निळे पडले. म्या भोरच्या दवाखान्याच्या ओसरीवर उभी राहून बोंब ठोकली, धावा वो कुनीतरी, पोर चाललं माझं. तर आतनं कंपाउंडर आला तो दौत-टाक घिऊन. सुई न्हाई, औषध न्हाई. दौत-टाक!

दोन वर्साचं पोर माझं. खांद्यावर मान टाकून नुसतं घरघरत व्हतं, दर श्वासाला बरगडीखाली खड्डा पडत व्हता. आदल्या दिशी ताप व्हता नुसता. सकाळी तोंड उघडून बगितलं तर घशात पांढरा पापुद्रा, आन् वास असा की नाकाला पदर लावावा लागला. नवरा मेंढरं घिऊन खाली कोकणात उतरलेला. मग सासू आन् म्या, दोघीच वेल्ह्याच्या डोंगरातनं निघालो. चालत, मग कुनाच्या तरी बैलगाडीत. हमरस्त्याच्या फाट्यावर आलो तर पुन्याची एसटी समोर उभी. म्या पाय टाकला पायरीवर, तर कंडक्टर म्हनला, "पुन्याला कुठं निघालाईस बाई? मोठ्या इस्पितळात चिठ्ठीबिगर घेत न्हाईत. तुमच्या वाडीला दवाखाना भोरचा. आधी भोरला जा." म्हंजी पोर मरायला लागलेलं, आन् आमी उलट्या दिशेनं गेलो. चिठ्ठी आनायला.

डाक्टर आले. चमच्यानं जीभ दाबून बगितलं आन् म्हनले, "घटसर्प आहे. ह्यावर टोचायची लस इथं संपलीय. पुण्याला न्या, आत्ताच्या आत्ता. गळ्याचे मोठे डॉक्टर आहेत तिथं." येवढं बोलून आत गेले.

कंपाउंडरनं कागद म्होरं धरला. "अंगठा उठव हितं."

"कसला कागद वो?"

"पुन्याला पाठवायचा. उठव लवकर, पोरगं बग कसं करतंय."

म्या दुसरीपत्तुर शाळा शिकलेली. अक्षरं लावत लावत वाचते, पन वाचते. कागदावर लिवलं व्हतं, डॉक्टरांनी राहण्यास सांगितले असता रोग्यास स्वखुशीने घेऊन जात आहे.

"आमाला ऱ्हा कोन म्हनलं? तुमीच न्या म्हनताय न्हवं?"

त्यो हसला. खरंच हसला, दात दाखवून. "वाचता येतंय व्हय? शाबास! मग अंगठा कशाला, सहीच कर."

"पन हे खोटं हाय."

"आगं बाई, हितनं आकडे वर जातात. जिल्ह्याला, तिथनं मुंबईला, तिथनं दिल्लीला. मेला म्हनून लिवलं तर डाक्टरला जाब. पुढं पाठवला म्हनून लिवलं तर इचारतात, लस का न्हाई ठेवली. स्वखुशीनं गेला म्हनलं की कुनी कायबी इचारत न्हाई. तू सही कर, म्या चिठ्ठी देतो. दोनी कागद संगंच हायेत."

सासू उसळली. "आरं मुडद्या, मेंढरू आजारी पडलं तर आमी बी आधी मेंढरू बगतो, कुनाचं हाय ती कानाची खूण मागनं बगतो!"

"म्हातारे, दवाखाना हाय ह्यो, मेंढवाडा न्हाई."

"व्हय, दिसतंयच. मेंढवाड्यात येवढी घान नसती."

पोरानं डोळे फिरवले. म्या सही केली, कागदावर आन् त्याच्या रजिस्टरातबी. 

भोरहून पुन्याची एसटी त्याच फाट्यावरनं गेली. शिवरं गाव मागं गेलं, म्या पोराच्या तोंडावर तोंड ठिवून फुंकत व्हते, त्याचा काय उपेग व्हतो का न्हाई मला ठावं नव्हतं. पुन्यात चिठ्ठी बगून दार उघडलं. त्यांनी लेकराच्या गळ्याला भोक पाडून चांदीची नळी बसवली. पोर जगलं.

पन नळी निघंना. काढाय गेलं की श्वास कोंडायचा. मोठे डाक्टर म्हनले, दर म्हयन्याला दाखवायचं, गळा बगायचा वार गुरुवार, आन् दर खेपेला भोरची नवी चिठ्ठी आनायची. लेकराला आता आवाज न्हाई. रडतं, पन नुसतं तोंड वाकडं व्हतं आन् नळीतनं फुस्स व्हतं. दुसऱ्या खोलीत असलं तर रडतंय हे कळतबी न्हाई.

तिसऱ्या खेपेला भोरला गेलो तर दवाखाना वळखू येईना. दगडांना चुना, खाटांवर करकरीत चादरी, फिनेलचा वास नाकात बसलेला. आन् खाटांवर मानूस एक न्हाई. आजारी मानसं मागच्या बाजूला चिंचेखाली बसवलेली, एक म्हातारा बसल्या जागी ओकत व्हता. सासूनं इचारलं तर कंपाउंडर म्हनला, तपासनीस सायेब आलेत, ते जाईस्तवर तिथंच बसा. मला मात्र आत बोलावलं.

सायेब टेबलाशी रजिस्टर उघडून बसले व्हते, डाक्टर शेजारी. सायेब म्हनले, "मयत कोणीच नाही, उत्तम. पण स्वखुशीने गेलेले इतके कसे?"

डाक्टर म्हनले, "खेड्यातली माणसं साहेब, राहतच नाहीत. ही बाईच बघा, तिलाच विचारा. पोर ठणठणीत आहे तिचं."

ठनठनीत! गळ्यात भोक, त्यात नळी, आन् ठनठनीत!

सायबांनी रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. "ही सही तुझीच ना?"

म्या बगितलं. स्वखुशीच्या रकान्यात माझीच सही व्हती. तिच्या वर दोन ओळी सोडून एका अंगठ्याचा डाग, म्होरं शेजारच्या वाडीतल्या बाईचं नाव. तिची लेक ह्याच घटसर्पानं गेली, पुन्याला नेताना, एसटीत, तिच्या मांडीवर. सगळ्या डोंगराला ठावं हाय. त्या रजिस्टरात ती मेलेली न्हाई. स्वखुशीनं गेलेली हाय. खाली आन् वर नुसते अंगठे, पान भरून.

 वाटलं सांगावं, सायेब, ह्यातलं कुनीबी खुशीनं गेलं न्हाई, मागं चिंचेखाली जाऊन बगा. सायेब वाईट दिसत नव्हते. इचारलं असतं त्यांनी. कदाचित लसबी आली असती.

पन डाक्टरांच्या कोपराखाली माझी चिठ्ठी व्हती. लिवून झालेली, सही तेवढी ऱ्हायलेली. टाक त्यांच्या हातात, आन् ते माझ्याकडं बगत व्हते. परवा गुरुवार. नळीत घट्ट कफ धरलेला, पोर माझ्या कडंवर फुस्स फुस्स करत व्हतं.

"बोल बाई," सायेब म्हनले. "घाबरू नकोस. तू आपल्या खुशीनं नेलंस का?"

म्या म्हनलं, "व्हय सायेब. माझ्याच खुशीनं."

त्यांनी तांबड्या शाईनं खूण केली आन् पान उलटलं. डाक्टरांनी चिठ्ठीवर सही केली. बाहेर सासूनं इचारलं, काय म्हनलीस गं? म्या चिठ्ठी पदराला बांधली आन् चालाय लागले. मला माझीच शिसारी आली व्हती, डाक्टरपरास जास्त.

ती शेजारच्या वाडीतली बाई आता पानोठ्यावर भेटती, लेकराच्या गळ्याकडं बगती, गालाला हात लावती. सायबाला म्या काय म्हनले, ते तिला अजून सांगितलं न्हाई. तुमी सांगा, कडंवर तुमचं पोर असतं, आन् म्होरं त्यो टाक, तर तुमी काय म्हनला असता?