बेसवाल्याची एकुलती एक श्रोती

चार जाड तारांची गिटार वाजवणाऱ्या माणसाची ओळख करून देताना लोक अडखळतात. 'हा गातो' म्हणता येत नाही, आणि 'हा गिटार वाजवतो' म्हटलं की समोरचा लगेच म्हणतो, मग होऊन जाऊ दे एखादं गाणं! बेस गिटारवर एकट्याने गाणं वाजवलं, तर वरच्या मजल्यावर कोणीतरी कपाट सरकवतंय असं वाटतं. म्हणून मित्रांनी त्याचं नावच बेसवाला ठेवून टाकलं. पुढे दुकानातले आणि शेजारचेही तेच म्हणू लागले.

दिवसा तो कानाच्या यंत्रांच्या दुकानात नोकरीला होता. दुकानाच्या मागच्या बाजूला एक काचेची छोटी खोली होती, आतून भिंतींना जाड फोम लावलेली. गिऱ्हाइकाला तिच्यात बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "आवाज आला की दाबा. नाही आला तर दाबू नका." म्हातारी माणसं आवाज नसतानाही बटण दाबत, कारण या वयात नापास व्हायची त्यांची तयारी नसे. बाहेर आल्यावर प्रत्येकाचं म्हणणं एकच असायचं: "माझे कान ठणठणीत आहेत हो, घरातलेच हल्ली पुटपुटतात." बेसवाला मान डोलवायचा, वाद घालायचा नाही आणि यंत्र बसवून द्यायचा. कोणाला दुखवायचं नाही, हा त्याचा स्वभाव. त्या स्वभावाची माणसं बेसच वाजवतात.

संध्याकाळी तो बँडमध्ये असायचा. बँड म्हणजे तिघं: एक गायक, एक ड्रमर आणि हा. बँड स्वतंत्र होता, हे गायक प्रत्येकाला आवर्जून सांगायचा. एका वेबचॅनलवर मुलाखत झाली तेव्हा तो म्हणाला, "आम्ही कंपन्यांपुढे कधी झुकलो नाही." झुकायला कोणती कंपनी समोर येऊन उभी राहिली होती, ते मुलाखत घेणाऱ्याने विचारलं नाही. बेसवाला शेजारी बसून हसऱ्या चेहऱ्याने मान हलवत होता. मुलाखतीत त्याला एकच प्रश्न आला: "माइक जरा तिकडे सरकवता का?"

अल्बम करायचा, हे ठरलेलंच होतं. गाणी व्हायची होती, पण म्हणून काही अडलं नव्हतं. बाजारात तुरी तशी यांची मुखपृष्ठावरून भांडणं झाली. अखेर एका पडक्या भिंतीपुढे फोटो काढायचं ठरलं. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, हा या मंडळींचा नियमच असतो. तिघांनी तीन दिशांना असं बघायचं, की जणू तिघांचंही काहीतरी हरवलंय आणि कोणालाच सापडत नाहीये. मुखपृष्ठ चौरस लागतं हे फोटो निघाल्यावर कळलं. चौरस कापताना कडेचा बेसवाला खांद्यापर्यंत गेला.

"खांदा राहिलाय ना!" गायक म्हणाला. "उलट त्याने एक गूढ तयार होतं."

बेसवाल्याला तेही पटलं. घरी जाऊन त्याने आईला फोटोतला आपला खांदा दाखवला.

घरी तो आणि आई, दोघंच. ताई लग्न करून दुसऱ्या शहरात गेलेली. याचं लग्न 'अल्बम झाला की बघू' या सबबीखाली राहून गेलं होतं. बँडची तालीम झाली की तो फोनवर रेकॉर्ड केलेलं गाणं आईला ऐकवायचा. आई हातातलं काम टाकून, फोन कानाला लावून ऐकायची आणि म्हणायची, "छान झालंय. पण यात तू कुठे आहेस?"

तो बोटाने हवेत खुणा करायचा. "हे बघ... आता... हे! ढुम्म! आलं?"

"हो हो, आलं," आई म्हणायची.

काही आलेलं नसायचं. फोनच्या नखाएवढ्या स्पीकरमधून बेसचा आवाज निघतच नाही, हे त्याला ठाऊक होतं. आणि आई आपलं मन राखतेय हेही ठाऊक होतं. जगाने ऐकावं असा त्याचा हट्ट कधीच नव्हता. निदान आईने एकदा, खोटं न बोलता, 'हा तू' म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. अल्बम त्याला हवा होता तो त्यासाठी. बाकीच्या दोघांची स्वप्नं बरीच मोठी होती, त्यामुळे हे तो त्यांना कधी बोलला नाही.

गाणी शेवटी झाली. होतातच, माणूस कंटाळला की होतात. रेकॉर्डिंग आटोपलं आणि सगळ्यांचे आवाज नीट मिसळून घ्यायला मिक्सिंगवाल्या काकांकडे गेलं. काका एका तळघरात बसायचे. समोर बटणांचं भलंमोठं टेबल, दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर, आणि टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात एक जाडजूड लाल नॉब.

पहिला आला गायक. एकटाच. "काका, आपल्यातलं आपल्यात, माझा आवाज जरा वर घ्या ना. बाकीच्यांना सांगू नका."

"तूच घे की," काका म्हणाले. "हा लाल नॉब तुझा."

गायकाने नॉब फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "आता! आता माझा श्वाससुद्धा ऐकू येतोय." खूश होऊन गेला. दुसऱ्या दिवशी ड्रमर हजर. त्याचंही आपल्यातलं आपल्यातच होतं. त्यानेही तोच नॉब फिरवला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "इथे लागलं बघा काका, इथे." एकमेकांसाठी जीव देणारे हे मित्र. पण मिक्सिंगच्या खोलीत शिरला की जो तो आपल्याच पोळीवर तूप ओढतो.

बेसवाला तिथे गेला तो मुखपृष्ठाचा फोटो पोचवायला. तो निघाला तसे काकाच म्हणाले, "काय रे, तुला नाही का वर यायचं?"

तो लाजला. मग दोन बोटांनी, चहाच्या कपाचा कान धरावा तसा, त्याने नॉब धरला आणि थोडासा फिरवला. आणि त्याला स्वतःचा बेस ऐकू आला. गोल, भरदार, गाण्याच्या पोटातून चालत येणारा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनी पडद्याकडे बघितल्यासारखं केलं.

घरी मात्र त्याला घास जाईना. आपण मित्राच्या वाटणीचं काहीतरी उचलून आणलंय असं वाटू लागलं. दुसऱ्या दिवशी दुकान सुटल्यावर तो थेट तळघरात.

"काका, माझा आवाज परत कमी करा. गायक दबतोय हो त्याच्याखाली."

काका त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी टेबल थोडं पुढे ओढलं आणि त्याला मागून लाल नॉब दाखवला. नॉबला एक वायर होती. ती हातभर खाली येऊन नुसतीच लोंबत होती.

"ती कुठेच जात नाही," काका म्हणाले. "लोकांना काहीतरी फिरवायला लागतं, म्हणून ठेवलाय."

"पण मला ऐकू आलं!"

"सगळ्यांनाच येतं. एवढी वर्षं या खुर्चीत काढली, पण 'कमी करा' म्हणणारा आजवर आला नव्हता." मग काकांनी टेबलावरची बेसची खरी पट्टी बोटाने हळूच वर ढकलली. "हं. जा आता. आणि कोणाला बोलू नकोस."

अल्बम बाहेर आला. जगात विशेष खळबळ माजली नाही. गायकाच्या मावशीने इंटरनेटवर गाण्याखाली लिहिलं, 'छान बाळा, घरी कधी येतोस?' त्या मावशीलाच गायकाने पुढे बरेच दिवस 'आमचे रसिक' म्हटलं. बेसवाल्याने मात्र काकांकडून एक मोठा स्पीकर मागून आणला, आईच्या पलंगाजवळ जमिनीवर ठेवला आणि पहिलं गाणं लावलं.

आईने डोळे मिटले. मग तिचा चेहरा हळूहळू उजळला. तिने एक बोट वर केलं आणि बेसच्या प्रत्येक ठोक्याला ते खाली आणू लागली. एकही चुकला नाही.

"हा तू!" ती म्हणाली. "अगदी स्पष्ट! अरे, तू तर पहिल्यापासून शेवटपर्यंत आहेस की!"

एवढ्या वर्षांचं सगळं भरून पावलं. तो जमिनीवरच बसला आणि लहान मुलासारखा हसत सुटला.

"पण काय रे," आई पुढे म्हणाली, "मागे तो कोण सारखा पुटपुटतोय? आणि ड्रमवाल्याच्या त्या पितळी थाळ्या, त्या नाही वाजवल्या का त्याने?"

याला आणखीच हसू आलं. गायक पुटपुटतोय! मग त्याचं हसू थांबलं. हे वाक्य तो दुकानात रोज ऐकत होता. वयानुसार कान जातात ते वरच्या बाजूने जातात. थाळ्या जातात, शब्दांच्या कडा जातात, पोराबाळांचे आवाज जातात. खालचा, जाड, घुमणारा आवाज तेवढा मागे उरतो. आईने त्याला ऐकलं होतं, कारण बाकी सगळं तिच्यासाठी मिटत चाललं होतं.

दुसऱ्याच दिवशी तिला दुकानात न्यायला हवं होतं. सोनारानेच कान टोचलेले बरे म्हणतात, आणि सोनार तर घरातच बसला होता. पण याने कानाडोळा केला. आज दुकानात गर्दी आहे, उद्या आईचे गुडघे दुखतायत, परवा बघू. रोज संध्याकाळी आई म्हणायची, "लाव रे तुझं," आणि तो लावायचा. ती बोट वरखाली करायची. आपण काय करतोय ते त्याला पुरतं कळत होतं आणि त्याची त्याला लाजही वाटत होती. तरी तो रोज गाणं लावत होता. जन्मात एक श्रोता मिळालेल्या माणसाला तो सोडवत नाही.

मग ताईचा फोन आला.

"तू त्याच दुकानात नोकरी करतोस ना अजून? की सोडलीस?" ताईने सुरुवातच अशी केली. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा! आमची छोटी काल आईला फोनवर सांगत होती, की तिला शाळेत बाकी मुली खेळायला घेत नाहीत. रडत सांगत होती. आणि आई नुसती 'हो हो, छान छान' करत होती. आता पोरगी म्हणते, आजीशी नाही बोलायचं."

"माझ्या लक्षात नाही आलं, ताई," तो म्हणाला. आयुष्यात तो जे मोजकं खोटं बोलला, त्यातलं हे सगळ्यात वाईट.

दुसऱ्या दिवशी त्याने आईला काचेच्या खोलीत बसवलं. काचेपलीकडे ती हातात बटण धरून परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसली होती. खालचे आवाज दिले तेव्हा तिने झटपट बटण दाबलं. मग तो वर वर जात राहिला आणि बटण दाबायचं थांबलं. ती काचेतून त्याच्याकडे बघत होती, आता सुरू होईल म्हणून वाट बघत. आवाज केव्हाच सुरू होता. बेसवाल्याने मान खाली घातली आणि कागदावर खुणा करत राहिला.

त्याने यंत्र बसवलं, वरचे आवाज नीट उचलून दिले. त्या कामात त्याचा हात धरणारा दुकानात कोणी नव्हता. आई बाहेर आली ती दचकतच. "माझी चप्पल एवढी वाजते? आणि तुझी बोटं मोडायची सवय अजून गेली नाही का रे?"

घरी आल्यावर ती म्हणाली, "लाव तुझं गाणं. आता तर आणखीच छान ऐकू येईल."

त्याने लावलं. आईचं बोट वर गेलं आणि वरच राहिलं.

"अगं बाई!" ती म्हणाली. "काय गोड गळा आहे या मुलाचा! आणि शब्द किती सुरेख! हा तुमच्यात कधी आला? त्याला घरी जेवायला बोलाव एकदा."

"बोलावतो," तो म्हणाला.

तेवढ्यात ताईचा फोन आला. पलीकडे छोटीच होती, बहुतेक ताईने बळेबळे बसवलेली. आजी फोन कानाला लावून ऐकत राहिली. मग म्हणाली, "कोण नाही घेत तुला खेळायला? नाव सांग तिचं. नाही, सगळं पहिल्यापासून सांग, मी ऐकतेय." ऐकता ऐकता तिने कपाळाला आठ्या घातल्या, मोकळा हात स्पीकरकडे झटकला आणि त्याला म्हणाली, "अरे, ते मागे जे घुमतंय ना, ते बंद कर आधी. पोरीचं ऐकू येत नाही मला."

बेसवाला उठला आणि त्याने स्वतःला बंद केलं.